पावणेदोन किलो दादर

मी धरणगावला जिनिंगच्या काट्यावर बसतो.
भरला ट्रॅक्टर चढतो, आकडा लिहितो.
रिकामा होऊन येतो, आकडा लिहितो.
मधली वजाबाकी म्हणजे कापूस.
सोळा वर्षं हेच गणित,
आणि घरी एक पोरगा
ज्याचा हिशेब काही केल्या लागत नव्हता.

रिद्धेश. पाच संपून सहावं.
कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच
कान झाकून मोरीत जाऊन बसायचा.
शर्टाचं लेबल टोचतं म्हणून उघडाच.
गालावरून हात फिरवला तर
चटका बसल्यासारखा ओरडायचा,
आणि तोच पोरगा
भिंतीवर पाठ आपटायचा, धाड धाड,
गादी आणि पेटीच्या फटीत घुसून
दुपार दुपार पडून राहायचा.
भाऊबंद म्हणाले, लाडावलाय.
चुलत्याने ताईत आणला.
दोरा खाजला, पहिल्याच रात्री तोडून टाकला.

मेहराज तडवी मॅडम शनिवारी यावलहून येतात.
एरंडोल रस्त्याला, टायरच्या दुकानावर त्यांची खोली.
मला वाटलं, यंत्रं असतील.
होती ती ट्रॅक्टरची ट्यूब,
लुगड्याचा झोका,
तीन परातींत सरकी, उडीद आणि ओली माती.
म्हटलं, मॅडम, हे तर आमच्या घरी पण आहे.
म्हणाल्या, मग घरी करा, माझं काम कमी होईल.

मग म्हणाल्या,
आपलं अंग कुठे संपतं
ते त्याला नीट समजत नाही, दादा.
म्हणून तो भिंतीला विचारतो.
हलका हात फिरवू नका,
हलका हात त्याला मुंग्यांसारखा.
दाबा. खांदा, कोपर, मनगट,
कणीक मळतो तसं, बेतानं.
आणि मांडीवर ठेवायला वजन करा,
त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा, वर एक तोळा नाही.
पंधरा मिनिटं. त्यानं ढकललं की काढायचं,
हट्ट आपण करायचा नाही.

दहावा हिस्सा कशाचा?
जिनिंगचा काटा वीस किलोच्या खाली बोलतच नाही.
दवाखान्याच्या काट्यावर
पोरगा पाय ठेवायला तयार नाही,
पत्रा गार लागतो.
शेवटी त्याला छातीशी घट्ट आवळला
आणि मीच चढलो.
उतरवलं, परत एकटा चढलो.
भरला मी, रिकामा मी.
मधली वजाबाकी साडेसतरा.
कंपाउंडर हसला. मी नाही हसलो.

वैजयंतानं पारोळ्याहून, माहेरची दादर मागवली.
निवडली, उन्हात घातली,
सासऱ्यांच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराची
पिशवी शिवली, आत चौकटी टाकल्या,
दाणे एका कोपऱ्यात गोळा होऊ नयेत म्हणून.
पावणेदोन किलो.
भाकरीच्या हिशेबात दोन-तीन दिवस.

पहिल्या दिवशी त्यानं ती फेकली.
दुसऱ्या दिवशी हुंगली.
सरकीत बोट घालायला तीन आठवडे गेले,
मातीची परात अजून लांबच आहे,
ब्रश तर मॅडमनीच बंद करायला सांगितला.
पण एका संध्याकाळी
पिशवी मांडीवर घेऊन तो
अर्धी भाकरी बसून जेवला.
बसून.
वैजयंता चुलीपुढून उठलीच नाही,
बांगड्या वाजतील म्हणून.

काल रात्री मी त्याची पाठ दाबत होतो.
वाटलं झोपला, हात काढला.
अंधारात माझं मनगट चाचपडत त्यानं
हात पुन्हा पाठीवर ठेवला,
आणि आजीकडून कधी उचललेला
एकच शब्द म्हणाला:
आखो.

आखो म्हणजे आणखी.
किती आणखी, ते तो सांगत नाही,
मी तळहातानं तोलत राहतो.
काट्यावर बसून माणसाला वाटतं
वजन आपल्याला कळतं.

कुकर आम्ही अजून परसातच लावतो.